तळ्याला आधीच नाव होतं

योसेमिटीला जायचा आपल्या लोकांचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. लाँग वीकएंड, तीन-चार कुटुंबं, दोन मिनीव्हॅन, डिकीत राईस कुकर, ठेपले आणि चकल्यांचे डबे, भारतातून आलेले कुणाचे तरी आई-बाबा, आणि निघायची वेळ पहाटे पाचची ठरली असेल तर प्रत्यक्षात साडेसात. टनेल व्ह्यूला सगळे उतरतात. डावीकडे एल कॅपिटन, उजवीकडे ब्रायडलव्हेल धबधबा, मागे लांबवर हाफ डोम, मध्ये ग्रुप फोटो. आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना ही दरी आधी वॉलपेपर म्हणून भेटलेली असते. ॲपलच्या २०१४च्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नावच योसेमिटी होतं आणि पुढच्या वर्षीच्या आवृत्तीचं एल कॅपिटन.

आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राचे वडील चंद्रपूरचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. दरीत उतरल्यावर मर्सेड नदीकाठी डबे उघडले, तेव्हा काका बराच वेळ इकडे तिकडे बघत होते आणि मग म्हणाले, "एवढं पाणी, एवढं गवत, चारी बाजूंनी आडोसा. आणि इथं कधी गाव नव्हतं म्हणता?" आम्ही सगळे इंजिनिअर लोक एकमेकांकडे बघायला लागलो. ब्रोशरमध्ये पार्किंग कुठे आहे, अस्वलांपासून जेवण कसं लपवायचं, सगळं होतं. काकांचा प्रश्न तिथल्यातिथे अनुत्तरित राहिला, पण डोक्यातून जाईना. पुढचे दोन-तीन वीकएंड त्यात गेले.

तर मंडळी, गाव होतं. एक नाही, बरीच होती. इथल्या लोकांच्या भाषेत दरीचं नाव अहवाहनी आणि म्हणून ते लोक अहवाहनीची. ओकच्या बिया हे त्यांचं मुख्य अन्न. त्या वाळवायच्या, कुटायच्या, पाण्याने धुऊन धुऊन त्यातला कडवटपणा काढायचा आणि मग त्याची पेज. ते दरीतलं गवत आणि झुडपं मुद्दाम ठरावीक काळाने जाळायचे. त्यामुळे ओकच्या झाडांना ऊन मिळायचं, खालची जमीन मोकळी राहायची आणि हरणं चरायला यायची. म्हणजे पहिल्या गोऱ्या पाहुण्यांना जी दरी एखाद्या बागेसारखी वाटली, ती वाटण्याचं कारण असं की ती खरोखरच कुणीतरी राखलेली होती!

१८४८मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि माणसांचे लोंढे सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी येऊन धडकले. खाणवाल्यांनी नद्या खणल्या, शिकार संपवली, जमिनी बळकावल्या. १८५०च्या डिसेंबरात जेम्स सॅव्हेज नावाच्या व्यापाऱ्याच्या ठाण्यावर हल्ला झाला. लगेच राज्य सरकारच्या मंजुरीने मारिपोसा बटालियन उभी राहिली आणि तिचा मेजर झाला हाच सॅव्हेज. १८५१च्या मार्चअखेर ही तुकडी दरीत शिरली. माणसं बहुतेक निघून गेली होती. तुकडीने घरं आणि साठवलेल्या ओकच्या बियांचे साठे जाळले. हिवाळ्याच्या शेवटी धान्याचं कोठार जाळलं की पुढे काय होतं हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागणार नाही. तलवार न चालवता माणसं डोंगरातून खाली येतात.

या तुकडीत लाफायेट बनेल नावाचा एक माणूस होता. तो दृश्य बघून भारावला, आणि दरीला नाव द्यायला हवं असं त्याला वाटलं. (नाव होतंच, पण ते विचारतो कोण?) त्याने सुचवलं योसेमिटी. या लोकांच्या टोळीचं हेच नाव आहे आणि त्याचा अर्थ ग्रिझली अस्वल, असा त्याचा समज होता. भाषातज्ज्ञांच्या मते मात्र तो मिवोक भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ 'ते मारणारे लोक' असा होतो. म्हणजे शेजाऱ्यांनी भीतीपोटी ठेवलेलं नाव. जगातली एक सर्वांत सुंदर दरी आज या नावाने ओळखली जाते.

मे महिन्यात दुसरी मोहीम झाली. त्यात तिथला म्होरक्या तेनाया पकडला गेला आणि त्याच्या धाकट्या मुलाला गोळी घालून मारलं. उरलेले लोक वरच्या अंगाला एका नितळ तळ्याकाठी सापडले. बनेलने त्या तळ्याला तेनायाचं नाव द्यायचं ठरवलं आणि मोठा मान दिल्यासारखं त्याला ते सांगितलं. बनेलने १८८०मध्ये स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की तेनाया त्यावर म्हणाला, तळ्याला आधीच नाव आहे. पायविॲक. चकाकणाऱ्या खडकांचं तळं. हिमनदीने घासून गुळगुळीत केलेले ते खडक आजही उन्हात चमकतात. नकाशावर मात्र तेनाया लेकच आहे. त्याच्या लोकांना खाली फ्रेस्नो नदीकाठच्या छावणीत नेलं. नंतर त्याला परत यायची परवानगी मिळाली, १८५२मध्ये पुन्हा चकमक झाली, तो पूर्वेला मोनो तलावाकडे पळाला आणि १८५३च्या सुमारास मारला गेला.

आता तारखांकडे जरा लक्ष द्या. १८५१ला गावं जाळली आणि १८५५ला जेम्स हचिंग्ज पर्यटकांची पहिली तुकडी घेऊन दरीत हजर! मध्ये फक्त चार वर्षं. सोबत एक चित्रकारही होता. १८६१मध्ये कार्लटन वॉटकिन्स खेचरांवर अजस्र कॅमेरा आणि काचेच्या पाट्या लादून आला आणि त्याने काढलेले फोटो पूर्वेकडच्या शहरांत पोचले. ३० जून १८६४ला, ऐन यादवी युद्धात, लिंकनने कायद्यावर सही केली. त्यानुसार दरी आणि मारिपोसा ग्रोव्हमधली सिकोयाची प्रचंड झाडं कॅलिफोर्नियाच्या ताब्यात गेली, पण एका अटीवर. ही जमीन कायम लोकांच्या विरंगुळ्यासाठी राहील, विकता येणार नाही. सरकारने निसर्ग लोकांसाठी राखून ठेवायची ही अमेरिकेतली पहिली मोठी घटना. मला हा कायदा मनापासून आवडतो. हचिंग्जने दरीत हॉटेल काढून जागेवर हक्क सांगितला, तो खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १८७२मध्ये तो हरला. ही अट नसती तर आज एल कॅपिटनच्या पायथ्याशी गेटेड कॉलनी असती. फक्त त्या कायद्यातल्या 'लोकां'मध्ये तेनायाचे लोक धरलेले नव्हते, एवढंच.

१८७२ला यलोस्टोन झालं, नॅशनल पार्क या नावाने पहिलं. तिथला एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो चक्क फॅमिली ग्रुप ट्रिपचा आहे. १८७७चा ऑगस्ट. जॉर्ज आणि एमा कोवन हे मोंटानातलं जोडपं, एमाचा भाऊ, तेरा वर्षांची बहीण आणि काही मित्र असे मिळून यलोस्टोन बघायला गेले. लग्नाचा दुसरा वाढदिवस तिथेच आला. त्याच सुमारास नेझ पर्स जमातीचे शेकडो लोक, बायकामुलं आणि घोड्यांसकट, अमेरिकन सैन्यापासून पळत त्याच पार्कातून चालले होते. दोन आठवड्यांपूर्वीच सैन्याने पहाटे त्यांच्या झोपलेल्या तळावर हल्ला करून बायकापोरांनाही मारलं होतं. दोन ग्रुप आमनेसामने आले. एमाच्या डोळ्यांदेखत जॉर्जला मांडीत आणि डोक्यात गोळी लागली. एमा, भाऊ आणि बहीण यांना नेझ पर्सनी सोबत नेलं आणि मग सोडून दिलं. जॉर्ज मेला असं सगळ्यांनी धरलं होतं, पण पठ्ठ्या अनेक मैल सरपटत गेला आणि जगला. डोक्यातून निघालेल्या गोळीचं त्याने पुढे घड्याळाच्या साखळीतलं लोलक करून घेतलं म्हणतात. एमाने नंतर आठवणी लिहिल्या, त्यात तिने या लोकांबद्दल आश्चर्य वाटेल इतकं समजुतीने लिहिलंय. नेझ पर्सचं काय झालं? कॅनडाची हद्द सुमारे चाळीस मैलांवर असताना, ५ ऑक्टोबरला शरणागती. आणि यलोस्टोनच्या प्रशासनाने पर्यटक घाबरू नयेत म्हणून वर्षानुवर्षं असं पसरवलं की इंडियन लोक गरम पाण्याच्या फवाऱ्यांना भितात, ते इकडे कधी येतच नव्हते. रिकामा निसर्ग हा असा तयार होतो. आधी माणसं काढायची, मग ती नव्हतीच असं सांगायचं.

परत योसेमिटीकडे. १८९०मध्ये आजूबाजूचा डोंगराळ भाग नॅशनल पार्क झाला. त्यामागे जॉन म्यूर. हा माणूस अफाट होता. राज्याचा मुख्य भूगर्भशास्त्रज्ञ व्हिटनी सांगत होता की दरीचा तळ खचून ती तयार झाली. म्यूर, जो काही काळ तिथे मेंढ्यांमागे हिंडला होता, म्हणत होता की हिमनद्यांनी कोरली. व्हिटनीने त्याची टर उडवली आणि म्यूर बरोबर ठरला. १९०३च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला त्याने तीन रात्री उघड्यावर झोपवलं आणि १९०६ला दरी केंद्राकडे आली. पण याच म्यूरने इथल्या मूळ लोकांबद्दल घाणेरडे, या निसर्गात न शोभणारे अशा अर्थाचं लिहिलंय. त्याने स्थापन केलेल्या सिएरा क्लबनेच २०२०मध्ये ते जाहीरपणे मान्य केलं.

आता कुटुंबं येऊ लागली. १८९९मध्ये करी नावाच्या शिक्षक जोडप्याने काही तंबू ठोकून स्वस्तातला कॅम्प काढला, तो नोकरदारांना परवडायचा. १९०७ला दरीच्या तोंडापर्यंत रेल्वे आली, १९१३पासून मोटारींना परवानगी मिळाली. रात्री वर ग्लेशियर पॉइंटवरून जळते निखारे ढकलून आगीचा धबधबा दाखवायचे. हा प्रकार १९६८पर्यंत चालला. अस्वलांना कचरा खायला घालून प्रेक्षक बसवायचे, तेही होतं.

आणि अहवाहनीची? ते संपले नव्हते. परतून आलेले लोक हॉटेलांत कपडे धुवायचे, लाकडं फोडायचे, बायका टोपल्या विणून विकायच्या. १९१६पासून १९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत पार्क 'इंडियन फील्ड डेज' भरवायचं. त्यात त्यांना स्वतःचे नाही, तर सिनेमात दिसतात तसे मैदानी प्रदेशातल्या जमातींचे कपडे घालायला लावायचे, कारण पर्यटकांना तसेच इंडियन हवे होते. १९३०च्या दशकात त्यांची जुनी वस्ती पाडून छोट्या खोल्यांची नवी वस्ती दिली. १९५३ला नियम आला की पार्कात नोकरी असेल तरच राहता येईल. नोकरी संपली की घर गेलं. १९६९मध्ये उरलेली घरं आग विझवण्याच्या सरावासाठी पेटवली. हो, सरावासाठी. दरीत राहणारा शेवटचा वंशज पार्काचाच कर्मचारी होता. तो १९९६मध्ये निवृत्त झाला आणि बाहेर पडला.

त्यांचं जाळणं थांबल्यावर दरीत सूचीपर्णी झाडं माजली. गेलेन क्लार्क या पहिल्या रखवालदाराने १८९०च्या दशकातच तक्रार केली होती की मोकळी कुरणं भराभर आक्रसताहेत. १९७०पासून पार्क स्वतःच मुद्दाम आगी लावतं. २०२२च्या जुलैत वॉशबर्न वणवा मारिपोसा ग्रोव्हमध्ये शिरला, तेव्हा ती झाडं वाचण्यामागे अशा ठरवून लावलेल्या आगींचाही वाटा होता.

मी हे सगळं काकांना फोनवर सांगितलं. ते फारसे चकित झाले नाहीत. म्हणाले, "आमच्या ताडोबाचं नावच गोंडांच्या तारू देवाचं. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. आणि कोअरमधली गावं बाहेर हलवली, ती मी पाहिलीत." त्यांना वाघही हवा आहे आणि गावंही. मला विचाराल तर मलाही योसेमिटी मोकळंच हवं आहे. प्रश्न सोपा नाही.

शेवटी एक गोष्ट, खास बे एरियातल्या मंडळींसाठी. योसेमिटीच्या वायव्येला तशीच दुसरी दरी होती, हेच हेची. (नाव ऐकून काकू म्हणाल्या, "हेच काय ते?") हे नावही मिवोक भाषेतलंच, बिया खाता येणाऱ्या एका गवताचं. १९०६च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्को जळलं, शहराला खात्रीचं पाणी हवं होतं. म्यूर जीव तोडून भांडला, पण डिसेंबर १९१३मध्ये विल्सनने कायद्यावर सही केली. वर्षभराने, १९१४च्या नाताळच्या आदल्या दिवशी म्यूर गेला. नॅशनल पार्कच्या आत धरण झालं, १९२३मध्ये, आणि १९३४पासून पाणी बे एरियात येऊ लागलं. दीडशेच्या वर मैल, उतारावरून, पंपाशिवाय. ते इतकं स्वच्छ आहे की गाळावंही लागत नाही. सॅन फ्रान्सिस्को, पालो आल्टो, माउंटन व्ह्यू, साधारण सत्तावीस लाख लोक ते पितात. आमच्या ऑफिसच्या किचनमधला नळही त्याच लाईनवर आहे. ट्रिपला निघताना आम्ही कूलर तिथूनच भरून घेतला होता.