खडूचे रिंगण आणि विद्यार्थ्यांचा रंगमंच

४ मे १९४८ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या नॉर्थफील्ड या लहानशा गावी, कार्लटन महाविद्यालयाच्या नोर्स लिट्ल थिएटरमध्ये, विद्यार्थ्यांनी एक नवे नाटक रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन हेन्री गुडमन यांचे होते आणि इंग्रजी भाषांतर एरिक व माया बेंटली यांचे. ज्या जर्मन नाटककाराची ती कृती, तो बर्टोल्ट ब्रेख्त त्या वेळी अमेरिका सोडून स्वित्झर्लंडात जाऊन राहिला होता. आपल्या नाटकाचा हा पहिला प्रयोग त्याला पाहता आला नाही. 'कॉकेशियन चॉक सर्कल' या नावाने पुढे जगभर गाजलेल्या नाटकाचा जन्म असा एका महाविद्यालयाच्या रंगमंचावर, परभाषेत, विद्यार्थी-नटांच्या तोंडून झाला. ब्रेख्तविषयक ग्रंथांत या घटनेला बहुधा एखादे वाक्य मिळते. तारीख नोंदवायची आणि १९५४ च्या बर्लिनच्या प्रयोगाकडे वळायचे, असा जणू प्रघातच पडला आहे. प्रस्तुत लेखात तो मोडून थोडा वेळ नॉर्थफील्डलाच थांबावे असा विचार आहे. कारण एक चिनी कथा कोणाची म्हणून ओळखली गेली आणि कोणाची म्हणून विसरली गेली, हे तेथे उभे राहिले असता फार स्पष्ट दिसते.

ही कथा चीनमध्ये नाट्यरूपाने आधीच प्रतिष्ठित झालेली होती. युआन राजवटीच्या काळात (१२७१–१३६८) ली शिंगदाओ याने 'हुइलान जी' हे नाटक लिहिले. पुढे त्सांग माओशुन याने १६१५-१६ च्या सुमारास युआन काळातील शंभर नाटकांचा जो संग्रह छापला, त्यातून ते आपल्यापर्यंत पोचले. दारिद्र्यामुळे गणिकेचे जिणे वाट्याला आलेली झांग हायतांग मा नावाच्या एका धनिकाची दुसरी बायको होते आणि तिला मुलगा होतो. थोरली बायको, न्यायकचेरीतील झाओ नावाच्या कारकुनाशी संगनमत करून, नवऱ्याला विष घालते आणि खुनाचा आळ धाकटीवर ढकलते. इस्टेट मुलाच्या मागोमाग जाणार, म्हणून मूलही आपल्याच पोटचे, असा दावा ती मांडते. सुइणी आणि शेजारी पैशाने वश होतात. झेंगझौचा अधिकारी तर रंगमंचावर पाऊल ठेवताच आपल्याला कायदा उमगत नाही, चांदी तेवढी उमगते, असे स्वतःच प्रेक्षकांना सांगून मोकळा होतो. अखेरीस खटला काइफंग येथे बाओ या न्यायाधीशापुढे येतो. बाओ झंग (९९९–१०६२) ही सुंग काळातील ऐतिहासिक व्यक्ती. पण लोकमानसाने आणि रंगभूमीने तिला न्यायाचे मूर्तिमंत रूप करून टाकले आहे. तो पायऱ्यांखाली एक रिंगण आखवतो, मुलाला मध्ये उभे करतो आणि दोघींना दोन बाजूंनी त्याला ओढायला सांगतो. हायतांग ओढीत नाही. न्यायाधीश तिला मार देववितो आणि पुन्हा ओढायला सांगतो. ती पुन्हा ओढीत नाही. कोवळा हात मोडेल, या भयाने थांबलेली स्त्रीच खरी आई, असा निवाडा होतो.

युरोपीय वाचकाच्या मनात यातले फक्त रिंगण उरले. वस्तुतः नाटकाचा फार मोठा भाग रिंगणापूर्वीचा आहे. विकली गेलेली मुलगी, कारकुनाच्या हाती गेलेला न्याय, खोटे साक्षीदार, आणि कडाक्याच्या हिमवर्षावात शिपायांनी हाकीत नेलेली हायतांग, हे त्याचे अंतरंग आहे. शिवाय युआन नाटकाचा एक संकेत येथे विलक्षण अर्थपूर्ण ठरतो. या नाट्यप्रकारात गाण्याचा अधिकार सामान्यतः एकाच प्रमुख पात्राला असतो. इतरांनी बोलायचे, त्याने गायचे. 'हुइलान जी'मध्ये तो अधिकार हायतांगचा आहे. जिचे म्हणणे कोणी ऐकत नाही, तिलाच नाटककाराने गाणे दिले आहे. आपल्या संगीत नाटकाची सवय असलेल्या वाचकाला, जेथे एकाच प्रयोगात पाच-सात पात्रे पदे म्हणून जातात, या संयमाची कल्पना यायला थोडा वेळ लागेल.

आणखी एक लहानशी गोष्ट. मूळ चिनी संहितेत रिंगण खडूचे नाही; चुन्याचे आहे. 'हुइ' या शब्दाने तेथे चुन्याची भुकटीच अभिप्रेत आहे. स्तानिस्लास ज्युल्याँ या फ्रेंच पंडिताने १८३२ मध्ये नाटकाचे भाषांतर प्रसिद्ध केले तेव्हा चुन्याचा खडू झाला, आणि पुढे जर्मन व इंग्रजीत खडूच रूढ झाला. चुन्याची फक्की जमिनीवर ओढून मर्यादा आखणे आपल्या खळ्यांपासून क्रीडांगणांपर्यंत सर्वांच्या परिचयाचे आहे. खडू हा शाळेचा, फळ्याचा पदार्थ. हा भेद क्षुल्लक म्हणून सोडून देता येईल. पण भाषांतरात पहिली वस्तू कोणती हरवली याची नोंद असलेली बरी.

ज्युल्याँनंतर १८७६ मध्ये जर्मन भाषांतर झाले. परंतु रंगभूमीवर कथा खऱ्या अर्थाने आली ती क्लाबुंडच्या 'क्राइडेक्राइस'मुळे. १९२५ मध्ये मॅक्स राइनहार्टने बर्लिनला त्याचा प्रयोग केला. एलिझाबेथ बेर्गनर हायतांग झाली. क्लाबुंडने मुलाचे पितृत्व थेट सम्राटापर्यंत नेऊन भिडवले आणि दुःखाच्या कथेला परीकथेचा शेवट दिला. १९२९ मध्ये लंडनला याच नाटकाच्या इंग्रजी रूपात ॲना मे वाँग आणि तरुण लॉरेन्स ऑलिव्हिये यांनी कामे केली. हे सारे प्रयोग नजाकतीचे होते. पण त्यांतला चीन हा रेशमी पडद्यांवरचा चीन होता, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

ब्रेख्तने या पडद्यांना हात लावला नाही. त्याने कथाच फिरवली. १९४० मध्ये लिहिलेल्या एका लघुकथेत त्याने ती तीस वर्षांच्या युद्धातील आउग्सबुर्गला नेली, आणि १९४४ मध्ये, अमेरिकेतील निर्वासिताच्या जिण्यात, नाटक लिहिताना जॉर्जियाच्या डोंगराळ मुलखात. त्याच्या नाटकात जन्मदाती राज्यपालपत्नी बंडाच्या गडबडीत कपड्यांचे पेटारे आवरताना मूल मागे ठेवून पळते. ग्रुशा ही स्वयंपाकघरातली दासी ते उचलते, वाढवते, त्याच्यासाठी स्वतःचे लग्नही मोडू देते. रिंगणात हात सोडते ती ग्रुशा, आणि अझदाक हा लबाड, मद्यपी, पण विलक्षण सुबुद्ध न्यायाधीश मूल तिला देतो. चिनी नाटकात रक्ताचे नाते आणि ममता एकाच स्त्रीच्या ठायी होती, आणि न्यायाधीशाने ती फक्त ओळखायची होती. ब्रेख्तने दोन्ही अलग केली आणि निवाडा ममतेच्या, किंबहुना कष्टाच्या, बाजूने दिला. तरीही दुसऱ्यांदा ओढायला लावण्याचा चिनी प्रसंग त्याने तसाच ठेवला. कसबी नाटककाराला काय टाकावे याइतकेच काय टाकू नये हेही कळते.

हे नाटक मुळात ब्रॉडवेसाठी योजिले होते. प्रख्यात अभिनेत्री लुइझ राइनर हिच्यासाठी भूमिका लिहावी, असा तो बेत होता, तो फिसकटला. व्यावसायिक रंगभूमीने पाठ फिरवली तेव्हा संहिता एका अध्यापकाच्या हाती राहिली. एरिक बेंटली तेव्हा मिनेसोटा विद्यापीठात शिकवीत होते. नॉर्थफील्ड तेथून फार दूर नाही. विद्यार्थ्यांच्या संस्थेला असे नाटक परवडते, याला साधी कारणे आहेत. पात्रांची संख्या कित्येक डझनांवर जाते. पगारी नटांच्या संचाला जे ओझे, ते विद्यार्थ्यांच्या संस्थेला भूषण होते, कारण जितक्या भूमिका तितक्या मुलांना रंगमंचावर जागा. एकाच नटाने चार भूमिका कराव्यात, गायकाने बाजूला बसून कथा सांगावी, दोन फळ्यांचा पूल व्हावा, या गोष्टी तेथे दारिद्र्याच्या निदर्शक ठरत नाहीत. त्याच न्यूयॉर्कमध्ये लिंकन सेंटरच्या रंगमंचावर हे नाटक १९६६ साली आले, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मागाहून अठरा वर्षांनी.

आता या कथेतील अवघड जागेकडे येऊ. नाटकाला एक नांदीवजा प्रवेश आहे. दुसरे महायुद्ध संपत आलेले असताना दोन सोव्हिएत सामुदायिक शेतसंस्था एका दरीच्या मालकीवरून वाद घालतात, वाद मिटतो, आणि मग गायक खडूच्या रिंगणाचा खेळ करून दाखवतो. १९४८ साली बेंटलींचे भाषांतर मिनेसोटा विद्यापीठाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले तेव्हा हा प्रवेश त्यात नव्हता. कारण उघड होते. ३० ऑक्टोबर १९४७ रोजी ब्रेख्तला अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे उभे राहावे लागले होते आणि दुसऱ्याच दिवशी त्याने देश सोडला होता. अशा हवेत सोव्हिएत शेतकऱ्यांचा प्रवेश छापणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

हे राजकीय कारण सर्वज्ञात आहे. त्याचा एक परिणाम मात्र फारसा कोणी बोलून दाखवलेला नाही. आपण दाखवणार आहोत ती कथा चिनी आहे, पण ती बदललेल्या रूपात दाखवू, ही कबुली नाटकात जेथे दिली जाते ते ठिकाण म्हणजे हाच प्रवेश. तो गळाला तेव्हा चीनचा उल्लेखही त्याच्याबरोबर गळाला. वगळणाऱ्यांच्या मनात चीनविरोध होता असे मुळीच नाही. भीती मॉस्कोची होती. बळी हायतांगचा गेला. कथेचे मूळ ज्यांना आधीच ठाऊक होते, त्यांचे काही बिघडले नाही. ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांना ते सांगणारे त्या संहितेत कोणी उरले नाही.

यावर असा आक्षेप येईल की लोककथेला जन्मदाखला नसतो, मग तो हरवल्याचा शोक कशाला? आक्षेप वजनदार आहे. आपल्याकडे तर ही कथा मुळात आमचीच, असे म्हणण्याचा मोह प्रत्येकाला होतो. पाली जातकसंग्रहातील ५४६ व्या महाउम्मग्ग जातकात एक यक्षिणी स्नानाला उतरलेल्या आईचे मूल पळवते; महोसध जमिनीवर रेघ ओढून मुलाला त्यावर ठेवतो आणि एकीला हात, दुसरीला पाय धरून ओढायला सांगतो. आई रडत सोडून देते. याच जातकातील अमरादेवीचा प्रसंग भारहूतच्या शिल्पांत कोरलेला आहे, म्हणजे महोसधाची कथामाला किती जुनी हे दिसते. इ. स. ४४५ मध्ये खोतानला ऐकलेल्या कथांवरून भिक्षूंनी चिनी भाषेत जो 'शहाणे आणि मूर्ख' यांच्याविषयीचा बौद्ध संग्रह सिद्ध केला, त्यातही मुलाला ओढणाऱ्या दोन स्त्रिया आहेत. मार्ग आखून झाला असे वाटते. पण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील यिंग शाओ या चिनी ग्रंथकाराच्या नावावर, ह्वांग बा या प्राचीन मंत्र्याने दोन जावांच्या मुलाचा तंटा अगदी याच रीतीने सोडवल्याची कथा आहे, आणि तीत बुद्धाचा वा बोधिसत्त्वाचा मागमूस नाही. बायबलमधला सॉलोमन तर तलवार मागवतो. तेथे कोणी ओढीतच नाही. तेव्हा मालकीचा निवाडा करायला बसलेल्या अभ्यासकाने आपलाच हात थोडा सैल सोडलेला बरा.

परंतु लोककथेचे मूळ न सापडणे निराळे आणि ली शिंगदाओच्या नाटकाचे नाव न घेणे निराळे. पहिले इतिहासाचे स्वरूपच आहे. दुसरी हयगय आहे. व्यावसायिक नाटकमंडळीला या हयगयीबद्दल मी फारसा दोष देणार नाही, तिला तिकिटे विकायची असतात. विद्यापीठाची गोष्ट वेगळी. ज्या वास्तूत ग्रंथालय आणि रंगमंच एकाच छपराखाली असतात, तेथे ही दोन दालने एकमेकांशी बोलत नसतील तर त्या नाट्यविभागाचे प्रयोजन काय, असा प्रश्न पडतो.

मराठीपुरते पाहू. सत्तरीच्या आरंभीच्या वर्षांत चिं. त्र्यं. खानोलकरांनी ब्रेख्तच्या नाटकावरून 'अजब न्याय वर्तुळाचा' लिहिले आणि विजया मेहता व जर्मन दिग्दर्शक फ्रित्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्यातून ते लोकनाट्याच्या वळणाने रंगभूमीवर आले. पूर्व जर्मनीतही त्याचे प्रयोग झाले. दशावताराच्या मुलखातून आलेल्या खानोलकरांना गायक-निवेदकाची कल्पना परकी वाटण्याचे कारण नव्हते. ज्या देशात महोसधाची रेघ ओढली गेली, तेथे कथा अशी जर्मनीहून आली. रूपांतर समर्थ होते, याबद्दल दुमत नसावे. आमच्या नाट्यविभागांतून ब्रेख्तचे नाटक अभ्यासले जाते ते योग्यच आहे. मात्र ते करताना एखाद्या वर्षी 'हुइलान जी'चा चौथा अंक, निदान वाचनाच्या रूपाने, त्याच्या शेजारी ठेवावा. हायतांगची भूमिका गाणाऱ्या मुलीला द्यावी, आणि तिला मार बसल्यावरचे दुसरे ओढणे वगळू नये. बाकी पात्रांनी फक्त बोलावे. रिंगण आखायला चुना वापरावा.