वेड्या रोपांची शिकवण

बुलढाणा जिल्हा कापूस-सोयाबीनचा. भाताचें पीक येथें मुख्य नव्हे. तथापि कापसाची अतिवाढ रोखण्यासाठीं जें मेपिक्वाट क्लोराइड फवारतात, त्याचें इंगित प्रथम जपानी भातखाचरांत सांपडलें.

तेथील रोपवाटिकांत भाताचीं कांहीं रोपें शेजारच्यांहून झपाट्यानें उंचावत. परंतु फिकट व कृश होऊन बहुधा मरत, आणि जगलींच तर लोंबींत दाणा भरत नसे. शेतकरी या रोगास ‘बाकानाए’, म्हणजे वेडें रोप, म्हणत. १८९८ सालीं शोतारो होरी यांनीं त्याचें मूळ एका बुरशींत असल्याचें दाखविलें. १९२६ सालीं तैवानांत एइची कुरोसावा यांनीं ती बुरशी द्रवांत वाढविली, मग गाळून काढली आणि नुसता द्रव निरोगी रोपांस दिला. तींही तशींच उंचावलीं! १९३५ सालीं तेइजिरो याबुता यांनीं त्यांतील कारक द्रव्यास ‘जिबरेलिन’ हें नांव दिलें.

पुढें कळलें कीं, निरोगी वनस्पतीही हें द्रव्य अल्प प्रमाणांत स्वतःच निर्माण करतात. पेरलेल्या साळीच्या दाण्यांत त्याच्याच प्रेरणेनें पिष्टाची साखर होऊन कोंबास पोषण मिळतें.

१९६६ सालीं फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें ‘आय. आर. ८’ हा ठेंगणा वाण दिला. भरपूर खत घातलें तरी तो सहसा आडवा होत नसे. त्याचें ठेंगणेपण जिबरेलिनच्या उणिवेमुळें आहे, हें २००२ सालीं उलगडलें. मेपिक्वाट क्लोराइडही कापसांत जिबरेलिनची निर्मितीच आवरतें.

ज्या द्रव्याच्या अतिरेकानें रोपें मेलीं, त्याच्याच माफक उणिवेनें कोठारें भरलीं. पऱ्हाटीची नुसती उंची पाहून हरखणाऱ्यानें भाताची ही कथा ध्यानांत ठेवावी.