पहिलीच्या वर्गात इंग्रजी कसं आलं?



जून जवळ आला की आपल्या गटाच्या बैठकीत हप्त्यांच्या हिशेबाबरोबर आणखी एक विषय निघतो. लेकराला घालायचं कुठं? गावातल्या झेडपीच्या शाळेत, की पिवळी बस येते त्या इंग्रजी शाळेत? कुणी फीसाठी कर्जाचा अर्ज करते, कुणी गळ्यातलं मोडायचं म्हणते. ही ओढाताण आजची वाटते, पण तिची मुळं पावणेदोनशे वर्षं मागं जातात. कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी तो इतिहास आपल्याला ठाऊक असावा, म्हणून आजचा हा भाग.

१८३५ साली कंपनी सरकारातल्या मेकॉले नावाच्या साहेबानं मत मांडलं, की सरकारचा पैसा इंग्रजी शिक्षणावर खर्च व्हावा. थोडे लोक इंग्रजी शिकतील आणि त्यांच्याकडून ज्ञान झिरपत खाली जाईल, असा हिशेब होता. आपल्या मुंबई इलाख्यात मात्र त्यावर मोठा वाद झाला. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. त्यांच्यासमोर १८४७ च्या सुमारास उभे राहिले जगन्नाथ शंकरशेठ, म्हणजे नाना शंकरशेठ. नाना इंग्रजीचे वैरी नव्हते. पण त्यांचं म्हणणं असं, की लाखो लोकांपर्यंत विद्या न्यायची तर ती त्यांच्याच भाषेतून न्यावी लागेल.

१८५४ च्या वूडच्या खलित्यानं मधला मार्ग काढला. खाली देशी भाषा, वर इंग्रजी. कागदावर हे बरोबर दिसतं. पण झालं काय? इंग्रजी शहरातल्या हायस्कुलात राहिलं आणि खेड्यातली शाळा मराठी इयत्तांवर थांबली. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात सातवीची ‘फायनल’ पास झालेला माणूस मास्तर किंवा तलाठी व्हायचा. मामलेदार, वकील, डॉक्टर व्हायला इंग्रजी लागायचं, आणि ते गावात मिळत नव्हतं.

ही गोम जोतीराव फुल्यांनी नेमकी ओळखली. ते स्वतः पुण्यात मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढं त्यांनी लेखी निवेदन दिलं. सरकारची तिजोरी शेतकऱ्याच्या घामानं भरते आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गावर खर्च होतो, हे त्यांनी सरळ मांडलं. गावोगाव प्राथमिक शाळा हव्यात, तिथं शेतकीचं आणि हिशेबाचं ज्ञान मिळायला हवं, अशी त्यांची मागणी होती. आणि सावित्रीबाईंनी त्याच्या कितीतरी आधी, १८५४ च्या ‘काव्यफुले’ या संग्रहात, शूद्र-अतिशूद्रांनी इंग्रजी शिकावं म्हणून कविता लिहिल्या. ज्यांना संस्कृतचं दार बंद होतं, त्यांच्यासाठी हे दुसरं दार उघडलं होतं.

बायकांना हे दार आणखी अवघड गेलं. रमाबाई रानडे १८७३ साली लग्न होऊन पुण्याच्या घरात आल्या, तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना आधी मराठी आणि पुढं इंग्रजी शिकवायला घेतलं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यापायी त्यांना किती टोमणे मारले, हे रमाबाईंनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलंय. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, तेव्हाही पोरींना इंग्रजी कशाला, घरकाम शिकवा, अशी टीका झालीच.

स्वातंत्र्य आल्यावर चाक उलटं फिरलं. मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या सरकारनं पाचवी ते सातवीचं इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेवलं. मातृभाषेचा मान राखायचा हा हेतू चांगला होता. पण त्याच वेळी शहरातली ऐपतदार घरं मुलांना इंग्रजी माध्यमाकडं नेत होती. १९५४ साली सरकारनं तिथल्या प्रवेशांवर बंधन घातलं, तर सुप्रीम कोर्टानं ते त्याच वर्षी रद्द ठरवलं. म्हणजे ज्याच्याकडं पैसा त्याला इंग्रजी पहिल्यापासून, आणि खेड्यातल्या मुलाला आठवीपासून.

पुढं महाराष्ट्रात पाचवीपासून इंग्रजी आलं. आपल्यापैकी पुष्कळजणी तेव्हाच्या. सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर, असं घोकायचं. धड्याचं भाषांतर फळ्यावरून वहीत उतरवायचं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून चालत आलेली ही रीत. तिनं वाचता यायचं, पण बोलायला तोंड उघडत नसे. दहावीला पोरी इंग्रजीत आणि गणितात अडकायच्या. मुलाला पुन्हा बसवायचे, मुलीचं मात्र स्थळ बघायला घ्यायचे. एका विषयापायी किती संसार लवकर सुरू झाले, ते आपण मोजलेले नाहीत, पण प्रत्येक गल्लीत त्याची साक्ष आहे.

२००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. तेव्हाही वाद पेटला. लेकरांवर ओझं पडेल, मराठीचं नुकसान होईल, शिक्षकांनाच इंग्रजी बोलता येत नाही, असे आक्षेप आले. त्यातला शिक्षकांचा आक्षेप खरा होता, कारण तेही आपल्यासारखेच घोकून शिकलेले. त्यावर उपाय शोधताना रेडिओही कामाला आला. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेनं ‘वी लर्न इंग्लिश’ हा कार्यक्रम तयार केला. रेडिओतली माणसं बोलणार, मुलांनी उत्तर द्यायचं, आणि वर्गातल्या बाईसुद्धा त्याबरोबर शिकणार.

या सगळ्या इतिहासातून आम्हाला दिसतं ते असं. नाना शंकरशेठ बरोबर होते आणि सावित्रीबाईही बरोबर होत्या. लेकराला समज येते ती घरच्या बोलीतून, आणि इंग्रजी हा त्याचा हक्कच आहे. खरा तोटा झाला तो एकाला दोन्ही आणि दुसऱ्याला एकच मिळाल्यानं. आता झेडपीच्या शाळेत दोन्ही आहेत, निदान पाटीवर तरी. पाटीवरचं वर्गात उतरतं का, हे बघणं आपल्या हाती आहे.

म्हणून बस आणि टाय बघून कर्ज काढू नका. दोन्ही शाळांत जाऊन वर्गात थोडा वेळ बसा. मुलं इंग्रजी बोलतात की नुसती फळ्यावरचं उतरवतात? न समजलेलं मराठीतून विचारायची त्यांना मोकळीक आहे का? शिक्षक पुरेसे आहेत का? झेडपीच्या शाळेत काही कमी दिसलं तर शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तुमच्या गावच्या समितीत त्या जागांवर कोण बसतं, आणि शेवटची बैठक कधी झाली, हे येत्या गटबैठकीत विचारून घ्या.