चौदा दिवस कुणाचे? लीजची गाडी आणि उशिरा आलेली नोटीस

इंग्लंडमधल्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. गाडी ऑफिसची, ऑफिसने ती लीजवर घेतलेली. स्पीड कॅमेऱ्याची नोटीस त्याच्या हातात पडली तेव्हा पाच आठवडे उलटून गेले होते. तो विचारतो, "दादा, चौदा दिवसांत नोटीस आली नाही तर केस बाद ना? मग फाडून टाकू?"

थांब रे बाबा, फाडू नकोस. आधी हे चौदा दिवस आले कुठून ते बघू.

1903 साली ब्रिटनमध्ये मोटर कार अॅक्ट झाला. वेगमर्यादा ताशी 20 मैल, म्हणजे आपले साधारण 32 किलोमीटर. 1 जानेवारी 1904 पासून गाडीला नंबर सक्तीचा. आणि पोलीस काय करायचे? स्टॉपवॉच घेऊन झुडपाआड दबा धरून बसायचे! रस्त्याचं ठरावीक अंतर मोजून ठेवायचं, गाडीला किती सेकंद लागले ते बघायचं, की झाला गुन्हा. गाडीवाले इतके वैतागले की 1905 मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली, तीच मुळी पुढे सापळा आहे हे सांगायला. असा इशारा देणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा, असं कोर्टाने ठरवलं. मग यांनी उलटी युक्ती काढली. आमच्या माणसाने सॅल्यूट ठोकला नाही, तर थांबा आणि का नाही ठोकला ते विचारा. काय डोकं आहे!

असो. मुद्दा असा, की महिन्या-दोन महिन्यांनी समन्स आलं तर त्या दिवशी त्या रस्त्यावर काय झालं हे माणसाला आठवणार कसं? साक्षीदार कुठून आणणार? म्हणून त्याच कायद्यात अट होती: वेगाचा खटला भरायचा तर जागेवरच ताकीद द्या, नाहीतर जास्तीत जास्त 21 दिवसांत नोटीस पाठवा. 1930 च्या रोड ट्रॅफिक अॅक्टने हे 14 दिवसांवर आणलं. आज तो नियम 1988 च्या रोड ट्रॅफिक ऑफेंडर्स अॅक्टच्या पहिल्याच कलमात आहे.

आता बारकावा ऐका. 1903 पासूनच नोटीस दोघांपैकी एकाला चालते. चालवणाऱ्याला, किंवा रजिस्टरमध्ये ज्याचं नाव आहे त्याला. मला हा शोफरच्या जमान्याचा वारसा वाटतो. गाडी साहेबांची, चालवणारा नोकर. साहेबांना कळलं की नोकराला कळलंच. ड्रायव्हर कोण होता ते सांगायची जबाबदारीही तेव्हाच मालकावर टाकली होती. आज साहेबांच्या खुर्चीत लीज कंपनी बसली आहे. फक्त तिला बिचारीला शोफरचं नावसुद्धा ठाऊक नसतं.

पोलिसाने रस्त्यातच अडवलं तर ताकीद तिथेच मिळते. पण 1992 मध्ये लंडनच्या ट्विकनम पुलावर ब्रिटनचा पहिला स्पीड कॅमेरा लागला आणि सगळा कारभार टपालावर गेला. पहिलं पत्र रजिस्टर्ड कीपरला, म्हणजे बहुतेक वेळा लीज कंपनीला. ती ऑफिसचं नाव कळवणार, ऑफिस तुमचं. प्रत्येक टप्प्यावर उत्तराला 28 दिवस. पाच आठवडे म्हणजे लवकरच पोचली म्हणायची! चौदा दिवसांचं बंधन फक्त त्या पहिल्या पत्राला आहे.

मग लढायचंच नाही का? लढा की, पण योग्य तारखेवर. लीज कंपनीला विचारा, पहिली नोटीस तुमच्याकडे कधी पोचली? 'पोचली' हा शब्द महत्त्वाचा. 2009 मध्ये हंबरसाइड पोलिसांच्या एका केसमध्ये नोटीस वेळेत पोस्टात टाकली होती, पण टपाल संपामुळे उशिरा पोचली. हायकोर्टाने शिक्षा रद्द केली. मात्र उशीर सिद्ध करायचा तुम्ही. तोवर नोटीस वेळेत गेली असंच कोर्ट धरून चालतं. त्यामुळे लीज कंपनीच्या आवक नोंदीचा कागद लेखी मागून घ्या. आणि नीट शोधूनही कीपरचं नाव-पत्ता पोलिसांना वेळेत मिळणं शक्य नव्हतं, असं निघालं, तर उशीरही माफ होतो.

हे सगळं करताना ड्रायव्हर कोण होता या प्रश्नाचं उत्तर 28 दिवसांत द्यायचंच. ते कलम 172, वेगळं प्रकरण. उत्तर दिलं नाही तर 6 पॉइंट आणि 1,000 पौंडांपर्यंत दंड. साध्या ओव्हरस्पीडिंगला बहुधा 3 पॉइंट असतात. म्हणजे कागद फाडणारा दुप्पट पॉइंट घेऊन बसतो. "कोण चालवत होतं याची नोंदच नाही" ही ऑफिसची सबब सहजी चालत नाही. नोंद न ठेवणं रास्त होतं, हेही सिद्ध करावं लागतं.

आणि मंडळी, हे फक्त विलायतेचं समजू नका. आपल्या 1988 च्या मोटर वाहन कायद्याचं कलम 209 उघडा. वेगाच्या किंवा धोकादायक ड्रायव्हिंगच्या खटल्याआधी जागेवर ताकीद, नाहीतर 14 दिवसांत रजिस्टर पोस्टाने नोटीस, नाहीतर 28 दिवसांत समन्स. 2021 च्या नियमांनी ई-चलानाच्या नोटिशीला 15 दिवस दिले, तो वेगळा हिशोब. पण 209 मधली नोटीस कुणाला? आरोपीला, किंवा गाडीचा मालक म्हणून ज्याची नोंद आहे त्याला.