हिणकस आणि छाट



‘हिणकस’ हा शब्द आपण कापडापासून कवितेपर्यंत कशालाही लावतो. तो आला मात्र सोनाराच्या पेढीवरून. हीण म्हणजे सोन्याचांदीत मिसळलेला हलका धातू. कस म्हणजे कसोटीच्या काळ्या दगडावर घासून केलेली पारख. त्या दगडावरच्या रेघेत हीण दिसले की सोने हिणकस. शेजारच्या कन्नडातला ‘ओरेगल्लु’ हाच दगड. शेतकऱ्याने हा कस जमिनीला लावला. कसदार आणि निकस जमीन आपण म्हणू लागलो. आम्ही डॉक्टर ‘निकस आहार’ म्हणतो तेव्हा तोच कस मनात असतो.

पेढीवरच्या या शब्दाला एक न्याय होता. रेघ गिऱ्हाइकालाही दिसे, आणि सोने हिणकस निघाले तरी ते ज्याचे त्याच्याकडेच राही.

निपाणीच्या बिडी धंद्यात कमी प्रतीच्या मालाला दुसरा शब्द आहे: छाट. बाई पान कापते, तंबाखू भरते, दोरा बांधते; मजुरी हजारामागे ठरलेली. माल घेताना ज्या बिड्या नापसंत होतात, त्या छाट. त्यांची मजुरी मिळत नसे, आणि पुष्कळदा बिड्याही परत मिळत नसत. पान मुळात फाटके दिले गेले असले, तरी तूट बाईचीच. आमच्या दवाखान्यात खोकला सांगता सांगता बाया आजची छाटही सांगतात.

ही छाट कायद्यालाही दिसली. 1966 च्या बिडी व सिगार कामगार कायद्याच्या 39 व्या कलमात कच्चा माल देणे, बिड्या नाकारणे आणि नाकारलेल्या बिड्यांची मजुरी, या तिन्ही बाबींवरील तंटे झटपट मिटवण्याची तरतूद होती. पण कलमाला दाद मागणारा माणूस लागतो. प्रा. सुभाष जोशी यांनी निपाणीच्या या बायांना संघटित केले, तेव्हा त्यांना आवाज मिळाला.

तंबाखू पिकवणाऱ्याची गत फार वेगळी नव्हती. मालाची प्रत व्यापारी ठरवी, भावही तोच सांगे. 1981 च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी भावासाठी महामार्गावर बसले. 6 एप्रिलला गोळीबार झाला, माणसे मेली.

शब्दाचा अर्थ कोशात मिळतो. पण माल हिणकस ठरवताना दगड कोणाच्या हाती होता आणि रेघ कोणाला दिसली, हे आपल्या सीमाभागाच्या इतिहासातच शोधावे लागते. ‘छाट’ची नोंद आपल्या कोशांनी या अर्थाने, या बायांच्या हिशेबासकट करावी, एवढीच विनंती.