‘थोरली’ आणि ‘धाकटी’
* मूळ मजकुरातल्या ‘थोरली’ आणि ‘धाकटी’ या बहिणी नव्हेत, सवती. चुली दोन, ओटी एक. असा संसार रत्नागिरीने राजेशाही थाटातही पाहिला होता : १८८६ साली इथे आणून ठेवलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजासोबत दोन राण्या होत्या, त्याही सख्ख्या बहिणी.

प्रजेसाठी हे दार १९४६ साली बंद झालं. मुंबई प्रांताच्या द्विभार्या प्रतिबंधक कायद्याने हिंदूंचं दुसरं लग्न रद्दबातल ठरवलं, वर सात वर्षांपर्यंत कैद. प्रांताबाहेर जाऊन बोहल्यावर चढण्याची पळवाटही बुजवली. नरसू अप्पा माळी खटल्यात (१९५१) पुत्राशिवाय गती नाही हा मुद्दा निघाला, तेव्हा मुख्य न्यायाधीश छागला यांनी दत्तकाकडे बोट दाखवलं. गंमत अशी, की त्यांनी दाखला घेतला तो अमेरिकेतल्या मॉर्मन पंथीयांविरुद्धच्या १८९०च्या निवाड्याचा : संरक्षण श्रद्धेला, आचाराला नव्हे. त्याच वर्षी मॉर्मन चर्चने बहुपत्नीत्व सोडल्याचं जाहीर केलं. न मानणारे पुढे वेगळे झाले. १९५३मध्ये त्यांच्या शॉर्ट क्रीक या वस्तीवर धाड पडली आणि अडीचशेहून अधिक मुलं सरकारने ताब्यात घेतली.

आपल्याकडे अशा धाडी पडल्या नाहीत. इथे सगळं अडलं विधींवर. भाऊराव लोखंडे खटल्यात (१९६५) होम आणि सप्तपदी सिद्ध होईना, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दुसरं लग्न झालंच नाही असं धरलं. नवरा सुटला. धाकटी मात्र कायद्याच्या लेखी कुणाचीच बायको उरली नाही. — संपा.