नऊ दिवसांच्या बोलीचे पत्र

जालना शहरात मस्तगड म्हणून जो भाग आहे, तिथे माझे घर आहे. निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने १७२५ साली कुंडलिका नदीच्या काठी किल्ला बांधला, त्याची गढी म्हणजे मस्तगड. आता गढीपेक्षा तिचे नावच अधिक शिल्लक आहे. आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांतली मुले पुण्याला, हैदराबादला, कोणाची अमेरिकेत. रात्री आठनंतर गल्लीतून चक्कर मारावी तर खिडक्याखिडक्यांतून एकच वाक्य ऐकू येते, "आवाज येतोय का?" आवाज येतो, चेहराही दिसतो. मग "जेवलात का", "पाऊस आहे का" एवढे झाले की दोन्हीकडे शांतता. बोलायचे काय, हा प्रश्न यंत्र सोडवत नाही.

माणसे दूर जाणे हे आमच्या भागाला नवे नाही. इथून सत्तरेक किलोमीटरवर परतूर आहे. जुन्या इतिहासात त्याला पडदूर म्हणतात. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाल्यावर नानासाहेब पेशवे आणि सदाशिवरावभाऊ या पडदूरला एकत्र आले. अब्दालीवर कोणाला पाठवायचे याचा खल तिथेच झाला आणि मार्चमध्ये भाऊ आणि पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव उत्तरेकडे निघाले. पानिपतची मोहीम निघाली ती आपल्या जालना जिल्ह्यातून, हे आपल्याच मुलांना फारसे ठाऊक नसते. बरोबर लढणारे होते तसे यात्रेकरूही होते. बायकामुले होती. अठरा वर्षांचे नाना फडणीस आपल्या आईला आणि पत्नीला घेऊन निघाले होते.

मागे राहिलेल्यांना खबर कशी मिळायची? जासूद असत. वाटेत एकाला काही झाले तरी दुसरा पोचावा म्हणून ते बहुधा जोडीने पाठवीत. तातडीचे काम असले तर 'इतक्या दिवसांत पोचलास तर इतके' अशी बोली करून कासीद निघे. पत्राचा मायना ठरलेला. इकडील क्षेम जाणून आपले कुशल लिहीत जावे, ही विनंती आधी आणि बाकीचा मजकूर मागून. त्या ठरीव ओळीची आपण आज थट्टा करतो. पण ज्याला उत्तर दोन महिन्यांनी मिळायचे त्याला ती ओळ पोकळ वाटत नसावी. सुदैवाने त्या काळातली पुष्कळ पत्रे टिकली. १८९८ साली राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापला, तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचाच आहे.

ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठी फौज आणि दिल्ली यांच्या मध्ये आला. दक्षिणेची वाट बंद झाली. रसद बंद झाली हे आपण शाळेत शिकतो, पण त्याच वाटेने टपालही येत-जात होते. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, तेव्हा रसदीची उरलीसुरली आशाही गेली. इकडे नानासाहेब फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते, पण भावाची आणि मुलाची धड बातमी त्यांना मिळत नव्हती.

१४ जानेवारी १७६१ ला सारे संपले. ही बातमी पेशव्यांना कशी कळली, ते ग्रँट डफने लिहून ठेवले आहे. नर्मदेच्या आसपास त्यांच्या लष्कराला एक कासीद भेटला. तो सरकारी नव्हता, सावकारांचा होता. पानिपताहून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नऊ दिवसांत पोचायची त्याची बोली होती. पत्र फोडले. सावकारी भाषेत हिशेब होता : दोन मोत्ये विरघळली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही. मोत्ये म्हणजे भाऊ आणि विश्वासराव.

मला त्या पत्रातला खुर्दा अस्वस्थ करतो. ते पत्र आमच्याच दिशेला निघाले होते. औरंगाबाद जालन्यापासून साठ किलोमीटर. वाटेतल्या कुठल्या तरी गावात एखादी बाई घोड्यामागे चालत गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत असणार. तिचा माणूस त्या खुर्द्यात होता आणि त्याच्या नावाने कोणी कासीद धाडणार नव्हते. सावकाराचे जाळे राज्यापेक्षा चपळ होते, कारण बातमी उशिरा कळली तर हुंडी बुडते. आजही पैशाची बातमी माणसाच्या बातमीच्या आधी पोचते, त्याचे मला नवल वाटत नाही.

नानासाहेब २३ जून १७६१ ला गेले. नाना फडणीस जिवंत परतले, आई परतली नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई परतल्या, पण नवरा गेला हे त्यांनी मानले नाही. १७८३ साली वारल्या तोवर त्या सौभाग्यलेणे घालून होत्या. खात्रीची बातमी नसली की काय होते, ते भाऊंच्या तोतयानेही दाखवले. भाऊ म्हणून उभ्या राहिलेल्या त्या माणसाला कोकणात माणसे मिळाली, किल्ले मिळाले. १७७६ साली त्याला देहदंड झाला. लोकांना बातमी हवी होती, ती त्याने पुरवली.

पुढचे लवकर सांगतो. निजामाच्या राज्यात स्वतंत्र टपालखाते होते. त्याच्या तिकिटांवर उर्दू, इंग्रजीबरोबर मराठी आणि तेलुगू अक्षरेही असत. मात्र ती तिकिटे राज्यापुरतीच चालत. पुण्याच्या बहिणीला पत्र टाकायचे तर ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट लागे. हे खाते १ एप्रिल १९५० ला भारतीय टपालात विलीन झाले. त्याच वर्षी आंतरदेशीय पत्र आले. १८७९ पासूनचे पोस्टकार्ड होतेच. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला आणि जालना ४३१२०३ झाले. ट्रंक कॉल, एसटीडीचे पिवळे बूथ, मग मोबाइल, हे तुम्ही पाहिलेच आहे. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली.

माझा एक शाळासोबती मुंबईला नोकरीला गेला. १९७२ च्या दुष्काळात आम्ही आठवड्याला एक पत्र लिहीत होतो. पुढे फोन आले, तेव्हा पत्रे थांबली आणि फोन सणावारापुरते झाले. मग आमच्या वर्गाचा व्हॉट्सॲपवर गट झाला. रोज सकाळी त्याचे फूल येई, मी हात जोडत असे. तो चार महिने आजारी होता, फूल मात्र रोज येत होते. गेल्याचे मला गटावरच कळले, तिसऱ्या दिवशी. एका खाली एक अठ्ठावीस श्रद्धांजल्या होत्या, सगळ्या एकाच मजकुराच्या.

महिन्याने त्याच्या मुलीचा फोन आला. वडिलांच्या ट्रंकेत माझी पत्रे सापडली होती. तिने एक वाचून दाखवले. विहीर आटली, बैलजोडी विकली, मी खडी फोडायच्या कामावर जातो, बाकी क्षेम. मग थांबून तिने विचारले, "काका, क्षेम म्हणजे काय?"